एकतीस सालची मंडळी आणि बत्तीस सालचा पूल

परदेशवारीचा निर्णय लोक महिनाभर चर्चा करून घेतात. आमच्या घरात तो गळ्यात हार असताना, माइकसमोर, कोणालाही न विचारता घेतला गेला.

२००६ सालचा जून. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, अमृतमहोत्सव. गंगापूर रोडवरचा हॉल, शाल, श्रीफळ, मसालेभात, आणि नानांचे पन्नाशीला टेकलेले विद्यार्थी. नानांनी नाशिकच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. शिकवला म्हणजे सनावळ्या पाठ करून घेतल्या. अजूनही भाजीबाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ त्यांना बघून आपसूक ताठ उभा राहतो. हे आता पानिपतचं साल विचारणार अशी त्याला धास्ती असते, आणि बरेचदा ते विचारतातही.

सत्काराला उत्तर देताना नाना म्हणाले, "मी जन्मलो त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकतीस साली, जगात तीन मोठी कामं पुरी झाली. दिल्लीचं इंडिया गेट, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि ब्राझीलमधला ख्रिस्ताचा पुतळा. चौथा मी. बाकीचे तिघं कसे टिकलेत ते मला एकदा बघून यायचंय."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई, माई, ताटातला मसालेभात चिवडत म्हणाल्या, "गुडघे दाखवायला दवाखान्यात चला म्हटलं तर रिक्षा नको असते."

नानांची जन्मतारीख एक जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची हीच आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख माहीत नसायची आणि मास्तरांना घाई असायची. तारखेवर आमच्याकडे कोणाचाच विश्वास नव्हता, पण सालाबद्दल शंका घ्यायचं कोणाला कारण नव्हतं.

आता तुमच्यापैकी जे अशा सहलीची स्वप्नं बघताहेत, त्यांना आमच्या घराण्याचा प्रवासाचा एकमेव नियम सांगून ठेवते. जिथे उतरायला घर, तिथेच पर्यटन. हॉटेलात पैसे देऊन झोपणं ही आमच्याकडे ऐपतीची नाही, चारित्र्याची गोष्ट आहे. या नियमाने दिल्ली बसत होती, कारण माईंचे मावसभाऊ तिथे सरकारी क्वार्टरमध्ये होते. न्यूयॉर्क बसत होतं, कारण माझा दीर मिलिंद शेजारच्या न्यू जर्सीत होता. ब्राझीलमध्ये आपलं कोणी नाही. नानांनी तो प्रश्न हॉलच्या पायऱ्या उतरेपर्यंत निकालात काढला. "तो हात पसरून उभाच आहे," ते म्हणाले. "आपण गेलो नाही म्हणून हात खाली घेणार नाही."

उतरायला घर आणखी एका शहरात होतं. सिडनीत माझी नणंद विद्या राहते. पण एकतीस साली सिडनीत काही पुरं झालेलं नव्हतं, आणि नानांना ते सोयीचं होतं.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. निवृत्तीनंतर नाना दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. शेकडो लग्नं जुळवली असतील. त्यांच्या फायलीत विद्याचा फोटो सगळ्यांत वर असे. पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात विद्याने आपल्या ऑफिसातल्या, नाशिकरोडच्या जोसेफशी रजिस्टर लग्न केलं आणि दोन दिवसांनी फोन करून कळवलं. नाना काही ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी मंडळाची पाटी उतरवली आणि विद्याशी बोलणं बंद केलं. वर्षभरात ती दोघं ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांना मुलगी झाली, ईशा. दर गुरुवारी दुपारी नाना वाचनालयात गेले की माई सिडनीला फोन करायच्या आणि नाना चप्पल काढायच्या आत बिल कुठे लपवायचं ते मला विचारायच्या. माईंनी नातीला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या एकट्या जाऊ शकल्या असत्या, संजय, म्हणजे माझा नवरा, त्यांना पाठवायला तयारही होता. पण "हे आल्याशिवाय मी जाणार नाही" हे माईंचं ठरलेलं होतं. बारा वर्षं त्या एका वाक्यावर बसून होत्या.

संजयला रजा नसते आणि मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, म्हणजे मला सुट्ट्याच सुट्ट्या असतात असा घरात समज आहे. त्यामुळे सोबतीला मी.

दिल्ली आम्ही त्याच दिवाळीच्या सुट्टीत केली. नाशिकरोडहून दिल्लीला थेट गाड्या भरपूर आहेत. खालचे बर्थ हवे असतील तर तिकिटं खूप आधी काढा, नाहीतर ज्येष्ठ नागरिक वर आणि तुम्ही अपराधी चेहऱ्याने खाली, अशी रात्र काढावी लागते. माईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. ती भुसावळपर्यंत आमची होती, त्यानंतर डब्याची झाली.

इंडिया गेटला संध्याकाळी जा. सकाळी नुसतं ऊन असतं, संध्याकाळी आइस्क्रीमच्या गाड्या असतात. आम्ही पोचलो तेव्हा एक गाइड कानपूरच्या एका कुटुंबाला सांगत होता, "ये उन्नीस सौ इक्कीस में बना."

नाना थांबले. मी त्यांचा कोपर धरला, पण उशीर झाला होता.

"इक्कीस में पाया डाला," नाना आपल्या खास हिंदीत म्हणाले. "पूरा हुआ इकतीस में. फरवरी."

"आपको कैसे पता, अंकल?"

"हम साथ के हैं."

गाइडने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "फिर आप ही बता दीजिए. मैं चाय पी के आता हूँ."

तो खरोखरच गेला. पुढे बराच वेळ नानांनी कानपूरच्या त्या पाच माणसांना पहिल्या महायुद्धापासून नव्या दिल्लीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी त्यातल्या बाईंनी नानांच्या हातात वीस रुपये ठेवले. मला वाटलं, आता स्वाभिमान उफाळून येईल. नानांनी त्याचे शेंगदाणे घेतले आणि आम्हाला वाटले. "माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठं आहे," कमानीकडे बघत ते म्हणाले. "पण दगड चांगला आहे."

अमेरिकेची तयारी त्याच हिवाळ्यात सुरू झाली. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जावं लागतं. पहाटे निघून कसारा घाट उतरलात तर वेळेत पोचता, आणि पोचून रांगेत उभं राहायचंच असतं. काचेपलीकडच्या तरुण बाईंनी नानांना विचारलं, अमेरिकेला कशासाठी जायचंय. नाना म्हणाले, एक इमारत बघायची आहे. बाईंची भुवई वर गेली. मी त्यांच्या मागे उभ्या उभ्या डोळे मिटले. मग माईंनी पुढे होऊन मराठीत सांगितलं, "मुलाला बघायला." शेजारच्या दुभाष्याने ते सांगितलं आणि आम्हाला तिघांना व्हिसा मिळाला. बाहेर आल्यावर नाना म्हणाले की तिला इतिहासात रस दिसला नाही.

२००७ च्या मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीला पोचलो. तिथून न्यूयॉर्कला लोकलगाडी आहे. ती जिथे सोडते तिथून एम्पायर स्टेट चालत दहा-बारा मिनिटांवर. सकाळी लवकर जा, नाहीतर रांग इमारतीइतकीच लांब असते. तिकीट तेव्हा अठराएक डॉलर होतं, ज्येष्ठांना थोडं कमी. नानांनी सवलतीसाठी पासपोर्ट पुढे केला आणि त्यावरचं जन्मसाल बोटाने दाखवून खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "सेम इयर." त्याला काय कळलं देव जाणे, पण तो "हॅपी बर्थडे" म्हणाला. आम्ही रांगेत उभ्या उभ्या पोळीचे रोल खाल्ले. मिलिंद दहा पावलं पुढे, आमचा कोणीच नसल्यासारखा उभा होता.

शहाऐंशीव्या मजल्यावर वारा इतका की माईंनी पदर कमरेला खोचून वर मफलर बांधला. नाना खूश होते. ही इमारत एक मेला खुली झाली, म्हणजे त्यांच्याहून एकाच महिन्याने मोठी. मंदीमुळे सुरुवातीची कित्येक वर्षं अर्धी रिकामी होती आणि लोक तिची टिंगल करायचे, हे त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि एका जपानी गृहस्थांनाही सांगितलं. खाली सगळं शहर मांडलेलं होतं. मला स्वतःला ते पाहून फार काही झालं नाही, आपण पुष्कळदा चित्रात पाहिलंय एवढंच वाटलं.

माई कठड्याशी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "इथून ऑस्ट्रेलिया कुठल्या बाजूला?"

मला माहीत नव्हतं. नानांना नक्की माहीत होतं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुलांची नावं वाचायला लागले. मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला. एवढ्या उंचीवर माणसाने थोडं मोठं व्हावं की नाही.

परत आल्यावर जुलैत आम्ही सायखेड्याला गेलो. नाना मूळचे तिथले, त्यांची मोठी बहीण अक्का अजून तिथेच राहते. ऐंशी उलटलेली, दात नाहीत, पण बोलायला अडचण नाही. नाशिकहून औरंगाबाद रस्त्याने निघायचं, चांदोरीला वळायचं आणि गोदावरी ओलांडली की सायखेडा. कोणी परदेशातून आलं की आधी अक्काला फोटो दाखवायचे ही आमची रीत आहे. ती बघून नापसंती व्यक्त करते, मग प्रवास पुरा होतो.

अक्काने एम्पायर स्टेटचा फोटो लांब धरला, जवळ धरला. "येवढं उंच कशापायी बांधलं?"

"अक्का, ही माझ्याच सालची," नाना म्हणाले. "एकतीसची."

"तू कुठला एकतीसचा?" अक्काने फोटो खाली ठेवला. "तू सिंहस्थातला हाय. माय पोटुशी व्हती म्हनून तिला घरी ठिवलं, आन् मला आज्यानं खांद्यावर घेऊन रामकुंडावर नेलं. साधूंचे हत्ती पाहिले म्या. परत आलो त तू झाल्याला. दाखल्यावर मास्तरनं काय बी लिव्हलं आसंल."

आम्ही नाशिकची माणसं काळ असाच मोजतो. अमकं लग्न सिंहस्थाच्या आधी, तमकी विहीर सिंहस्थानंतर. मी बोटांवर एकेक कुंभमेळा मागे मोजायला लागले. दोन हजार तीन, एक्याण्णव, ऐंशी, अडुसष्ट, छप्पन्न, चव्वेचाळीस.

"बत्तीस," नाना म्हणाले.

आम्ही वर्षभर ज्याच्या नावाने जग फिरत होतो, ते साल चुकीचं निघालं होतं. अमृतमहोत्सवाचा मसालेभातही एक वर्ष आधीच खाल्ला गेला होता. मला हसू यायला लागलं होतं आणि नानांकडे बघायचं धाडस होत नव्हतं. ते अक्काशी वाद घालतील, पुरावा मागतील, असं मला वाटलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. चष्मा काढून पुसला, आणि स्वतःशीच म्हणाले, "बत्तीस साली काय पुरं झालं बरं?"

"सिडनीचा पूल," माई म्हणाल्या.

माई चहा गाळत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. ज्या बाईला आयुष्यभर नवऱ्याच्या सनावळ्यांनी झोप यायची, जिला संजयची दहावी कोणत्या साली झाली ते आठवत नाही, तिने सिडनीच्या पुलाचं साल चहा गाळता गाळता सांगितलं. मी अक्काकडे पाहिलं. अक्का पदराने तोंड पुसत होती.

पूल त्याच मार्चमध्ये पंच्याहत्तर वर्षांचा झाला होता आणि त्याचा मोठा सोहळा विद्याने एका गुरुवारी फोनवर माईंना वर्णन करून सांगितला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी चहा प्यायले.

परतताना नाना म्हणाले, "मी पूल बघायला जाईन. हॉटेलात उतरू."

"हॉटेलात," माई म्हणाल्या. "पंधरा दिवस."

नानांनी नाशिक येईपर्यंत विचार केला. एका बाजूला बारा वर्षांचा अबोला होता, दुसऱ्या बाजूला हॉटेलाचं भाडं. घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं, जोसेफच्या घरात खोल्या किती आहेत.

सिडनीला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. मुंबईहून मध्ये सिंगापूरला विमान बदललं. तिथल्या विमानतळावर गालिचा इतका मऊ आहे की माई चप्पल हातात घेऊन चालत होत्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे खाण्यापिण्याची, बियाण्याची, झाडपाल्याची वस्तू नेली तर कागदावर तसं सांगावंच लागतं. लपवलं तर जबरी दंड. चिवडा, लाडू मी सगळं रीतसर सांगितलं होतं. ओटीचं मला माहीतच नव्हतं.

लेकीच्या लग्नानंतर आई तिची ओटी भरते. विद्याची ती राहिलीच होती. माईंनी हँडबॅगेत तळाशी खण, त्यात मूठ मूठ करून भरपूर गहू, हळकुंडं आणि सुपारी असं बांधून घेतलं होतं. तपासणीच्या टेबलावर ते उलगडलं तेव्हा तो सोनेरी केसांचा अधिकारी गव्हाकडे असं बघायला लागला जसं काही बाईंनी साप आणलाय.

"हे काय आहे?" त्याने मला विचारलं.

मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मुलीच्या पदरात घालायचं धान्य. आशीर्वाद म्हणून. नाही, ती शेती करत नाही. नाही, ती हे पेरणार नाही. मुलगी कुठे आहे? बाहेर उभी आहे. लग्न कधी झालं? बारा वर्षांपूर्वी.

"बारा वर्षं?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच गहू सोडून माईंकडे पाहिलं.

तो मुलगा सभ्य होता, दंड केला नाही. त्याने गहू, हळकुंडं आणि सुपारी काढून घेतली, खण नीट घडी करून दोन्ही हातांनी माईंना परत दिला. माई मला म्हणाल्या, "त्याला सांग, हरकत नाही. धान्य तिच्या घरात असेल." नाना या सगळ्या वेळात दहा फुटांवर उभे राहून भिंतीवरचा किड्यांचा तक्ता वाचत होते.

बाहेर विद्या होती. केस कापलेले, थोडी जाड झालेली. माईंना तिने धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, लोक ट्रॉल्या वळवून बाजूने जात होते. मी रडले, मला लाज नाही. नानांनी जोसेफला विचारलं, "गाडी कुठे लावलीय?"

विद्याचं घर पॅरामट्टाला आहे, तिथे रस्त्यावर मराठी नाही पण गुजराती भरपूर ऐकू येतं. त्याच संध्याकाळी माईंनी तिची ओटी भरली. गव्हाऐवजी डब्यातला बासमती, कारण घरात तोच होता. ईशा शेजारी बसून विचारत होती की हे तांदूळ नंतर शिजवायचे का. नाना पलीकडे टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघत होते.

पुढचे काही दिवस नाना विद्याशी माझ्यामार्फत बोलले. "तिला सांग, चहात साखर कमी चालेल." ती समोर उभी. "नाना, अर्धा चमचा घातलीय," ती मला सांगायची. मी दुभाष्याचं काम पुष्कळ केलं, या सहलीत विमानतळापासून ते स्वयंपाकघरापर्यंत. जोसेफशी मात्र ते व्यवस्थित बोलत होते, नाशिकरोडच्या जुन्या दुकानांबद्दल वगैरे. नातीला त्यांनी दोन दिवसांत अकबराचं साल पाठ करायला लावलं.

आणि पूल राहूनच जात होता. आम्ही प्राणिसंग्रहालय पाहिलं, समुद्र पाहिला, ऑपेरा हाउस बाहेरून पाहिलं, कारण बाहेरून फुकट आहे आणि आतून तसंही गाणं कळत नाही. पुलाचं नाव निघालं की नानांचे गुडघे दुखत, नाहीतर आभाळ आलेलं असे. ज्या पुलासाठी आलो तो एकदा पाहून झाला की मग या घरात बसायला कारण काय उरणार, अशी काहीतरी अडचण असावी. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, नुसती चिडचिड होत होती.

शेवटी विद्यानेच एक दिवस सुट्टी काढली. पॅरामट्टाहून नदीतून बोट निघते, तीच घ्या. तासाभराचा प्रवास आहे आणि शेवटी बोट थेट पुलाखालून जाते. वर बघून मान दुखते. पुलाच्या कमानीवर दोरीला बांधून चढवायची सोय आहे, पण त्या पैशात नाशिकला फ्रिज येतो. त्यापेक्षा पुलावरून पायी जा, पूर्वेकडचा रस्ता चालणाऱ्यांसाठी आहे आणि त्याला काही पडत नाही. चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत. माईंना त्या जमल्या नसत्या, म्हणून त्या ईशाला घेऊन खाली बाकावर बसल्या. वर गेलो नाना, विद्या आणि मी.

एका बाजूला गाड्यांचा धडधडाट, दुसऱ्या बाजूला जाळी आणि खाली निळं पाणी. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले, पण इतकी मागे नाही की ऐकू येऊ नये.

बरंच चालल्यावर नाना समोर बघत म्हणाले, "खुला कधी झाला?" माझं नाव घेतलं नाही. म्हणजे प्रश्न मला नव्हता.

"एकोणीस मार्च, बत्तीस," विद्या म्हणाली. लहानपणी जेवायला बसताना द्यायची तसंच उत्तर, तसाच सूर.

"कोणी केला?"

"मुख्यमंत्री करणार होते. पण फीत कापायच्या आधीच एक माणूस घोड्यावरून आला आणि त्याने तलवारीने फीत कापून टाकली."

नाना थांबले. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं काही ऐकलं की त्यांचा चेहरा अजूनही विद्यार्थ्यासारखा होतो. "मग?"

"मग काय. त्याला धरून नेलं. फीत परत गाठ मारून बांधली आणि मुख्यमंत्र्यांनी परत कापली." विद्याने कठड्यावर हात ठेवला. "आधी कोणीतरी कापली म्हणून पूल बंद नाही ठेवला, नाना."

एक आगगाडी पुलावरून गेली. ती जाईपर्यंत बोलणं शक्यच नव्हतं आणि मला ती गाडी अतिशय लांब वाटली.

"तुझं लग्न," नाना म्हणाले. "किती तारखेला झालं?"

पानिपतपासून पुलापर्यंत सगळ्या तारखा पाठ असलेल्या माणसाने ही एक तारीख बारा वर्षांत कोणाला विचारली नव्हती.

"बावीस डिसेंबर."

"शुक्रवार होता," नाना थोड्या वेळाने म्हणाले. त्यांनी मनातल्या मनात वार काढला होता. विद्या हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. नानांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. रुमालावर चिवड्याचा चुरा होता. तिने तो झटकला आणि डोळे पुसले. मी पाण्याकडे बघत राहिले. त्या पुलाचे मी फोटो काढले नाहीत, त्यामुळे इथे टाकायला काही नाही. आंतरजालावर ढिगाने मिळतील.

आम्ही नाशिकला परतलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. पुढच्याच रविवारी रीतीप्रमाणे सायखेडा. नाना ओट्यावर शेजाऱ्यांना पुलाच्या लोखंडाचं वजन सांगत होते. अक्काने मला आत ओढलं.

"बोलला का त्याच्या लेकीशी?"

मी सगळं सांगितलं. अक्काने तारखेपाशी दोनदा परत सांगायला लावलं. मग ती भिंतीला टेकून बसली.

"मग झालं. आता त्याला एकतीसचाच ऱ्हाऊ दे. पेन्शनीत घोळ व्हायचा."

"म्हणजे, अक्का? सिंहस्थाचं?"

"हत्ती पाहिले ते खरं हाय," अक्का म्हणाली. "पन तवा तुझा सासरा चांगला रांगत व्हता. तुझी सासू आली व्हती मागं, माझ्यापाशी लय रडली. म्हनली, अक्का, त्यानला बत्तीसचं करा."

परत निघालो. गाडी मी चालवत होते, नाना शेजारी, माई मागे झोपल्या होत्या. चांदोरी मागे पडली. मग म्हटलं, "नाना, अक्का सिंहस्थाबद्दल जे म्हणाल्या होत्या, ते..."

"खोटं आहे," नाना म्हणाले. "त्या सिंहस्थात मी वर्षाचा होतो. माय सांगायची, सगळे हत्तींचं बोलत बसले आणि मी रांगत रांगत पार नदीपर्यंत गेलो होतो."

"म्हणजे त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

"जन्मभर इतिहास शिकवलाय, स्मिता. बनावट साक्ष मला ओळखता येते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

नानांनी मागे वळून माईंकडे पाहिलं. त्यांचं डोकं काचेला टेकलं होतं. "दोघींनी एवढी मेहनत घेतली होती," ते म्हणाले. "आणि मीही बारा वर्षं निमित्त शोधतच होतो. मला एवढं चांगलं सुचलं नव्हतं."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. मी गाडी कडेला घेतली, द्राक्षाच्या एका बागेजवळ. नानांनी घड्याळ पाहिलं.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?"

"साडेनऊ."

"जागी असेल," नाना म्हणाले, आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "लावून दे. मी बोलतो."